विश्लेषण : अंध प्रवाशाचा कुत्रा विमानाच्या केबिनमध्ये कसा पोहोचला? मॉरिस फ्रँक आणि बडीची कहाणी

चाकूरहून विमान पकडायचे तर नांदेड किंवा हैदराबाद गाठावे लागते. प्रवासी अंध असेल तर घरातले कोणीतरी सोबत निघते. एसटीतही दिव्यांगत्व अधिक असेल तर साथीदाराला तिकिटात सवलत मिळते. हा साथीदार माणूसच असणार, हे आपण धरून चालतो. भारतातील विमान प्रवासाच्या नियमांत मात्र आणखी एका साथीदाराला जागा आहे. तो म्हणजे प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा. त्याला मालाच्या कप्प्यात टाकायचे नसते. तो केबिनमध्ये, प्रवाशाच्या पायाशी बसतो. या मुभेची सुरुवात अमेरिकेत झाली आणि तिच्यामागे एका अंध विमा एजंटाचा हट्ट होता.

मॉरिस फ्रँक कोण होते?

फ्रँक यांचा जन्म १९०८ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, खाऊनपिऊन सुखी घरात झाला. त्यांची आई अंध होती आणि लहानपणी तेच तिचा हात धरून तिला वाट दाखवत. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून त्यांचा उजवा डोळा गेला. सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना डावाही गेला. आईला वाट दाखवणारा मुलगा आता स्वतःच कोणाच्या तरी हाताच्या शोधात राहिला.

पुढे शिक्षण घेता घेता ते विमा विकू लागले. गिऱ्हाइकांकडे जायचे तर सोबत हवी, म्हणून त्यांनी पगार देऊन एक मुलगा ठेवला. तो कंटाळायचा, त्याचे लक्ष भलतीकडेच असायचे. काठीचे एक टोक अंध आजोबांच्या हातात आणि दुसरे नातवाच्या, हे दृश्य आपल्याकडच्या खेड्यांत अनेकांनी पाहिलेले असते. त्यात नातवाची शाळा बुडते आणि आजोबांना त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. फ्रँक यांना नेमका याच दुहेरी अडकण्याचा जाच होत होता.

ते स्वित्झर्लंडला का गेले?

५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकी महिलेचा लेख आला. त्या स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत आणि त्यांना पोलीस व लष्करासाठी तयार करत. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी पॉट्सडॅम येथे कुत्रे कसे शिकवले जातात, ते त्यांनी या लेखात लिहिले होते. वडिलांनी तो वाचून दाखवला. फ्रँक यांनी युस्टिस यांना पत्र धाडले. मला असा कुत्रा द्या, मी त्याच्यासोबत परत येईन आणि इथल्या अंधांसाठी अशीच शाळा काढेन, असा त्याचा आशय होता.

१९२८ च्या वसंतात ते एकटेच बोटीने निघाले. एकट्या अंध माणसाला प्रवासी मानायला मात्र कोणी तयार नव्हते. पार्सल सोपवावे तसे त्यांना प्रवास कंपनीच्या हवाली करण्यात आले आणि बोटीवरचा सेवक ठरल्या वेळी त्यांना फिरवून पुन्हा खोलीत बंद करत असे. त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या सगळ्या भांडणांचे मूळ या प्रवासात सापडते, असे म्हणायला हरकत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये त्यांना मिळालेल्या जर्मन शेफर्ड कुत्रीचे नाव होते ‘किस’. भर रस्त्यात या नावाने हाक कशी मारायची, म्हणून त्यांनी ते बदलून ‘बडी’, म्हणजे दोस्त, असे ठेवले.

मार्गदर्शक कुत्रा नेमके काय करतो?

अनेकांना वाटते, कुत्र्याला पत्ता सांगितला की तो नेऊन पोहोचवतो. तसे नाही. रस्ता माणसाला ठाऊक असावा लागतो. डावीकडे, उजवीकडे, पुढे असे हुकूम माणूस देतो. कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला ताठ मूठ असते. तो थांबला, वळला, कचरला की ते मुठीतून हाताला कळते. खड्डा, पायरी, लोंबकळती फांदी, समोरून येणारी गाडी हे सारे कुत्रा टाळतो. सिग्नलचा रंग मात्र त्याला उमगत नाही, वाहनांच्या आवाजावरून कधी निघायचे ते माणूसच ठरवतो.

सर्वांत अवघड धडा हुकूम मोडण्याचा असतो. धन्याने पुढे चल म्हटले आणि समोर धोका असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. आज्ञाधारक कुत्रा पुष्कळांकडे असतो, पण योग्य वेळी न ऐकणारा कुत्रा घडवायला महिनोन्‌महिने लागतात. पाळीव कुत्रा आणि मार्गदर्शक कुत्रा यांत फरक आहे तो इथे. म्हणूनच पट्टा बांधलेल्या अशा कुत्र्याला कुरवाळू नये की खाऊ घालू नये. त्या वेळी तो कामावर असतो.

जून १९२८ मध्ये फ्रँक आणि बडी न्यूयॉर्कला उतरले. बातमीदारांनी त्यांना वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवण्याचे आव्हान दिले. गाड्यांची अखंड रीघ असलेला हा रस्ता डोळस माणसालाही घाबरवणारा होता. बडी थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत त्यांना पलीकडे घेऊन गेली. फ्रँक यांनी युस्टिस यांना एकाच शब्दाची तार केली. काम फत्ते झाल्याचे त्यातून कळत होते.

रेल्वेतून विमानापर्यंत

दिलेला शब्द त्यांनी पाळला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही अमेरिकेतील पहिली मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा स्थापन झाली. नंतर ती न्यूजर्सीत हलली.

पण कुत्रा मिळून भागत नव्हते. हॉटेल, उपाहारगृह, रेल्वे, जिथे जावे तिथे कुत्र्यांना मनाईची पाटी. रेल्वेत बडीला सामानाच्या डब्यात ठेवा, असे सांगितले जाई. फ्रँक यांचे म्हणणे साधे होते : प्रवाशाचे डोळे सामानात जमा करता येत नाहीत. ते गावोगाव हिंडले, अधिकाऱ्यांना भेटले, बडी किती शांत बसते ते दाखवत राहिले. १९३५ पर्यंत अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्यांना धन्याजवळ राहू देण्याचे मान्य केले.

विमानाची पाळी १९३८ मध्ये आली. युनायटेड एअरलाइन्सने मार्गदर्शक कुत्र्यांना प्रवासी केबिनमध्ये परवानगी दिली आणि बडीने शिकागो ते नेवार्क असा प्रवास फ्रँक यांच्या पायाशी बसून केला. तेव्हा ती थकली होती. २३ मे १९३८ रोजी ती गेली. फ्रँक यांनी त्यानंतर जे जे कुत्रे घेतले, त्या प्रत्येकाचे नाव बडीच ठेवले.

१९५६ मध्ये त्यांनी शाळेचे काम सोडले आणि पुन्हा विमा व्यवसायात शिरले. तोवर तिथल्या सर्व राज्यांत मार्गदर्शक कुत्र्यांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देणारे कायदे झाले होते. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी अमेरिकेत दिव्यांग प्रवाशांशी विमान कंपन्यांनी भेदभाव करू नये, असा स्वतंत्र कायदा आला. या सवलतीचा गैरफायदाही घेतला गेला. मानसिक आधाराच्या नावाखाली घरचे पाळीव प्राणी केबिनमध्ये येऊ लागले. अखेर २०२१ पासून तिथे असे प्राणी सेवा-प्राण्यांच्या व्याख्येतून वगळण्यात आले आणि प्रशिक्षित कुत्र्यांपुरतीच ती राहिली.

भारतात नियम काय सांगतो?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) दिव्यांग प्रवाशांविषयीच्या नियमावलीत मार्गदर्शक कुत्र्याला केबिनमध्ये नेण्याची तरतूद आहे. कुत्रा प्रशिक्षित हवा, त्याला पट्टा बांधलेला हवा, लसीकरणाचा पुरावा जवळ हवा आणि त्याने आसनापाशी जमिनीवरच बसावे, अशा अटी आहेत. पाळीव कुत्र्याला घ्यायचे की नाही हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. मार्गदर्शक कुत्र्याची गोष्ट तशी नाही. नांदेडहून उडणाऱ्या छोट्या विमानालाही हाच नियम लागू आहे.

तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे, निदान ४८ तास आधी तरी. प्रशिक्षणाचे आणि लसीचे कागद मोबाइलमध्ये असले तरी छापील प्रतही ठेवावी. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने असा प्रवासी कधी पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. परदेशी जायचे असेल तर त्या देशाचे रेबीजविषयीचे नियम वेगळे पाहावे लागतात आणि त्याची तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते.

खरी अडचण नियमाच्या अलीकडे आहे. भारतात प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रे अगदीच थोडे आहेत. एक कुत्रा घडवायला मोठा खर्च, जाणकार प्रशिक्षक आणि धन्यासोबत काही आठवड्यांचा सराव लागतो. शिवाय मोकाट कुत्र्यांनी भरलेल्या, पदपथ नसलेल्या रस्त्यावर त्याने चालायचे कसे, हा प्रश्न आहेच. चाकूरच्या बसस्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता जरी धरला, तरी तो आधी सोडवावा लागेल.