डॉक्टर रखमाबाई

पाठाचा परिचय

दवाखान्यात मिळालेल्या चिठ्ठीवरील काही शब्द आपल्याला वाचता येतात, परंतु त्यांचा अर्थ उमगत नाही. आजाराचे नाव परके वाटले की आजारही अधिक भीतिदायक वाटू लागतो. त्या परक्या शब्दांचा अभ्यास करून असंख्य स्त्रियांच्या मनातील भीती दूर करणाऱ्या एका स्त्रीचा जीवनपरिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. त्यांची शाळा अकराव्या वर्षी सुटली; तिशीच्या उंबरठ्यावर त्या डॉक्टर झाल्या. या दोन घटनांमधील वाट किती बिकट होती, हे पाठ वाचताना लक्षात घ्या.

मूळ पाठ

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांचे छत्र त्यांच्या अगदी बालपणीच हरपले. आई जयंतीबाई यांना सतराव्या वर्षीच वैधव्य आले. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास मुभा होती. त्यानुसार काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला आणि लहानग्या रखमाबाई एका विद्याव्यासंगी घरात आल्या.

डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. मुंबई परिसरातील औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या आठ संस्थापकांत ते एक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते अध्यापन करीत आणि वैद्यकावर मराठीतून ग्रंथलेखनही करीत. १८४५ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात शिक्षण इंग्रजीतून चाले. परंतु १८६१ पासून तेथे मराठी आणि गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्गही भरू लागले होते.

मराठीतून वैद्यक शिकवायचे, तर प्रत्येक अवयवाला, प्रत्येक विकाराला मराठी नाव हवे. ते आणायचे कोठून? काही नावे आयुर्वेदाच्या ग्रंथांत तयार होती : धमनी, शिरा, यकृत, प्लीहा. काही घरोघरी बोलली जात होती : बरगडी, आतडे, पाणथरी. प्लीहा आणि पाणथरी हा अवयव एकच. एक नाव ग्रंथातले, दुसरे घरातले. जेथे दोन्हीकडे नाव सापडत नसे, तेथे नवा शब्द घडवावा लागे किंवा परका शब्दच स्वीकारावा लागे. मराठीतून वैद्यक लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही निवड करावी लागली. असे लेखन ज्या घरात होत होते, त्या घरात रखमाबाई वाढल्या.

मात्र काळाची रीत त्यांनाही चुकली नाही. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशी झाला आणि शाळा सुटली. विवाहानंतरही रखमाबाई आईच्याच घरी राहिल्या. दादाजींनी शिक्षण घेऊन आपली उन्नती करावी, अशी डॉ. सखाराम अर्जुन यांची अपेक्षा होती. दादाजींनी अभ्यासाकडे पाठ फिरविली. इकडे रखमाबाईंनी मात्र वाचनाचा ध्यास घेतला. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच अभ्यास करीत. आईसमवेत प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. शाळेची दारे बंद झाल्यावर त्यांनी घरालाच शाळा केले.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनी ठाम नकार दिला. तेव्हा दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला. अजाण वयात, आपली संमती न विचारता लावलेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. त्या काळी एखाद्या स्त्रीने असे उघडपणे म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला. पण त्यांचा निश्चय ढळला नाही. त्याच वर्षी त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात दोन पत्रे लिहिली. बालविवाह आणि वैधव्य यांमुळे स्त्रीचे शिक्षण व आयुष्य कसे खुंटते, याचे दर्शन त्यांनी घडविले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे सनातनी समाजात खळबळ उडाली. लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी निकालावर टीका केली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. प्रकरण अपिलात गेले आणि फेरसुनावणी झाली. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : रखमाबाईंनी महिन्याभरात पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. हा वाद हिंदुस्थानात आणि इंग्लंडातही गाजला. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाईंवरील तुरुंगवासाचे सावट दूर झाले. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. त्यामागील चर्चेत या खटल्याचाही मोठा वाटा होता.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी उत्तेजन दिले. स्वतः पीची यांनाही एडिंबरोत वैद्यक शिकताना कडवा विरोध सोसावा लागला होता. हितचिंतकांनी निधी उभा केला आणि १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला रवाना झाल्या. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. हे विद्यालय १८७४ मध्ये स्थापन झाले होते, कारण इतर विद्यालये स्त्रियांना दारात उभे करीत नव्हती. त्या वेळी रखमाबाईंचे वय चोवीस वर्षांचे होते. बालपणी शाळा सुटलेल्या या विद्यार्थिनीसमोर आता शरीररचना, रसायन आणि औषधिशास्त्र यांचे जाडजूड ग्रंथ होते.

या ग्रंथांची भाषा केवळ इंग्रजी नव्हती. वैद्यकाची पाश्चात्त्य परिभाषा मुख्यतः ग्रीक आणि लॅटिन शब्दांवर उभारलेली आहे. त्यामुळे इंग्रजी येणाऱ्यालाही ती नव्याने शिकावी लागते. प्रथमदर्शनी हे शब्द डोंगराएवढे वाटतात. पण फोड केली की ते सोपे होतात. 'हेपॅटायटिस' हा शब्द घ्या. त्यातील पहिला भाग यकृताचा वाचक आहे. 'आयटिस' म्हणजे दाह. दोन्ही मिळून अर्थ झाला यकृतदाह. 'नेफ्रायटिस' या शब्दात पहिला भाग मूत्रपिंडाचा. म्हणून अर्थ मूत्रपिंडदाह. एक प्रत्यय कळला की दहा शब्दांची कुलुपे उघडतात. आपल्या व्याकरणात सामासिक शब्दाचा विग्रह करतात, तशीच ही रीत आहे. पाठांतरापेक्षा फोड करण्याची सवय विद्यार्थ्याला अधिक दूर नेते.

१८९४ मध्ये रखमाबाई वैद्यकीय पदवीधर होऊन मायदेशी परतण्यास सिद्ध झाल्या. मुंबईत काही काळ काम करून १८९५ मध्ये त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची धुरा स्वीकारली. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि रुग्णालयात बाळंत होण्यास तर फारच भीत. याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. रखमाबाईंनी एका गाभण मेंढीला रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका केली, आणि ते पाहून बायकांचा धीर वाढला.

ग्रंथातून शिकलेले शब्द आता रुग्णापर्यंत पोहोचवायचे होते. रुग्ण कधी ग्रंथाच्या भाषेत बोलत नाही. छातीत कळ येते, पोटात मुरडा पडतो, अंग मोडून येते, भोवळ येते, अशा शब्दांत तो आपले दुखणे सांगतो. त्यातून विकाराचे नेमके नाव ओळखावे लागते आणि उपाय सांगताना पुन्हा त्याच्याच भाषेकडे वळावे लागते. परिभाषा डॉक्टरला अचूकपणा देते. बोली रुग्णाचा विश्वास मिळवून देते. मुंबईत वाढलेल्या, लंडनमध्ये शिकलेल्या रखमाबाईंना हे काम गुजराती बोलणाऱ्या स्त्रियांमध्ये करावयाचे होते.

सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ सेवा केल्यावर त्या राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात गेल्या. एकंदर सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर त्यांनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र धारण केले. ज्या विवाहास त्यांनी न्यायालयात आव्हान दिले होते, त्याच्या शेवटी त्यांनी रूढी पाळली. थोर माणसांच्या आयुष्यातही असे गुंतागुंतीचे क्षण असतात. त्यांवर घाईने निर्णय देणे योग्य नव्हे. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या. पडदापद्धती नष्ट व्हावी, यासाठी त्यांनी लेखनही केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

न्यायालयाने दाखविलेल्या दोन वाटांपैकी एक पतीच्या घराकडे आणि दुसरी तुरुंगाकडे जात होती. रखमाबाईंनी तिसरी वाट शोधली. ती वर्गाकडे गेली. त्या वर्गातून मिळालेले ज्ञान त्यांनी हजारो मैलांवरून परत आणले आणि कधीही शाळेत न गेलेल्या स्त्रियांच्या उशाशी नेऊन ठेवले.

शब्दार्थ

विद्याव्यासंगी – सतत अभ्यासात रमणारा
परिभाषा – एखाद्या शास्त्रातील ठरावीक अर्थाचे शब्द
दाह – आग होणे. येथे, अवयवाला येणारी सूज
प्लीहा – पोटाच्या डाव्या बाजूचा एक अवयव, पाणथरी
मूत्रपिंड – रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव
धुरा – जबाबदारी

स्वाध्याय

१. अकराव्या वर्षी शाळा सुटल्यावर रखमाबाईंनी शिक्षण कसे चालू ठेवले?
२. १८८५ आणि १८८७ या वर्षांतील न्यायालयीन निकालांत कोणता फरक होता?
३. 'हेपॅटायटिस' या शब्दाची फोड करून अर्थ सांगा. 'टॉन्सिलायटिस' या शब्दाचा अर्थ त्याच रीतीने शोधा.
४. तुमच्या घरी दुखण्यांसाठी वापरले जाणारे पाच शब्द लिहा. त्यांसाठी डॉक्टर कोणते शब्द वापरतात, ते विचारून त्यांपुढे नोंदवा.
५. शिक्षण घेताना तुम्हाला आलेली एखादी अडचण आणि तुम्ही काढलेला मार्ग आठ-दहा ओळींत लिहा.