पत्रकारितेची पदवी नसलेला पहिला मराठी संपादक: बाळशास्त्री जांभेकर नेमकं काय शिकले होते?

६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र मुंबईत निघालं. त्याचे संपादक होते बाळशास्त्री जांभेकर. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पत्रकारिता शिकायला येणाऱ्या मुलामुलींना हे नाव सुरुवातीच्या तासांतच भेटतं. परीक्षेसाठी नाव, गाव आणि साल पाठ होतं आणि बहुतेकांचं बाळशास्त्रींशी नातं तिथंच संपतं.

खरं तर त्यांचं आयुष्य या विद्यार्थ्यांच्या घरी होणाऱ्या एका वादाशी थेट जोडलेलं आहे. पत्रकारिता वर्गात बसून शिकता येते का? की पदवीवर तीन वर्षं घालवण्यापेक्षा थेट एखाद्या दैनिकात बातमीदार म्हणून चिकटलेलं बरं? बाळशास्त्रींच्या काळात असा अभ्यासक्रमच नव्हता. मग संपादक होण्याची तयारी त्यांनी कशी केली?

पोंभुर्ल्याहून मुंबईला

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ च्या सुमारास कोकणातल्या पोंभुर्ले गावी झाला. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात येतं. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. मराठी आणि संस्कृतचे पहिले धडे मुलाने त्यांच्याकडेच गिरवले. पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलगा पाच-सहा वर्षांचा होता. नव्या राज्यात कारभाराची भाषा इंग्रजी होणार, हे दिसू लागलं होतं.

१८२५ च्या सुमारास बाळशास्त्री इंग्रजी शिकण्यासाठी मुंबईला आले. तिथे सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचा त्यांना आधार मिळाला. शाळा चालवणाऱ्या आणि देशी भाषांत पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात छत्रे होते. बाळशास्त्रींनी काही वर्षांत इंग्रजी आणि गणितात अशी गती मिळवली की तरुण वयातच ते याच सोसायटीत जबाबदारीच्या पदावर पोहोचले. फारसी, गुजराती, बंगाली अशा भाषांचाही त्यांनी अभ्यास केला.

एका पानावर दोन भाषा

मराठी वृत्तपत्र निघण्याआधी देशात देशी भाषांतली पत्रं सुरू झालेली होती. बंगालीत १८१८ साली श्रीरामपूरहून 'समाचार दर्पण' निघालं होतं. मुंबईत १८२२ पासून फर्दुनजी मर्झबान यांचं गुजराती 'मुंबई समाचार' चालू होतं. मराठीत मात्र काहीच नव्हतं. ही उणीव भरून काढायला जेमतेम विशीतले बाळशास्त्री पुढे झाले. या कामात त्यांना गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन यांची साथ होती.

'दर्पण' सुरुवातीला पाक्षिक होतं. ४ मे १८३२ पासून ते साप्ताहिक झालं. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठी आणि दुसरा इंग्रजी. मराठी स्तंभ इथल्या वाचकांसाठी होता. जगात काय चाललं आहे, नवं शास्त्र काय सांगतं, सरकार काय करतं, हे त्यांना आपल्या भाषेत कळावं हा हेतू. इंग्रजी स्तंभामुळे इथल्या लोकांचं म्हणणं राज्यकर्त्यांना त्यांच्या भाषेत वाचता येत होतं.

अडचण शब्दांपासून सुरू होत होती. विज्ञान आणि राज्यकारभारावर छापील मराठी गद्यात लिहिण्याची परंपरा तेव्हा नुकतीच घडू लागली होती. एखादी नवी कल्पना मराठीत मांडायची तर आधी ती स्वतःला पुरती समजायला हवी आणि मग ती वाचकाच्या ओळखीच्या शब्दांत सांगायला हवी. पत्रकारितेच्या वर्गात आज भाषांतर आणि संपादन हे वेगवेगळे विषय असतात. बाळशास्त्रींना दर अंकात दोन्ही एकदम करावं लागे.

अक्कलकोटचे युवराज ते एल्फिन्स्टनचे विद्यार्थी

बाळशास्त्रींच्या आयुष्याला आजच्या सोलापूर जिल्ह्याशी जोडणारा एक धागाही आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापकी सुरू करण्याआधी ते अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षक होते. अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथे तेव्हा भोसले घराण्याचं संस्थान होतं. राज्य सांभाळायला निघालेल्या मुलाला नव्या काळाचं शिक्षण द्यायचं, हे त्यांचं काम.

१८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये त्यांची असिस्टंट प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली. या पदावर येणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत दादाभाई नौरोजी होते. याच दादाभाईंनी पुढे १८५१ मध्ये 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र काढलं. भाऊ महाजनांनीही १८४१ मध्ये स्वतःचं 'प्रभाकर' सुरू केलं आणि लोकहितवादींची शतपत्रं त्यातूनच लोकांपुढे आली. म्हणजे पत्रकारितेचा वर्ग नसतानाही बाळशास्त्रींच्या भोवती पत्रं काढणारी माणसं तयार होत होती.

ते स्वतः मात्र फक्त पत्रकार कधीच नव्हते. व्याकरण, भूगोल, इतिहास या विषयांवर त्यांनी शाळांसाठी पुस्तकं लिहिली. कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं. कुलाबा वेधशाळेचं काम पाहिलं. जुन्या शिलालेखांवर आणि ताम्रपटांवर संशोधनपर लेख लिहिले. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेतली. ज्ञानेश्वरीची ही पहिली छापील आवृत्ती मानली जाते.

पत्र चालवायचं, पण पोट कशावर?

साक्षर माणसंच थोडी, त्यात विकत घेऊन वाचणारी आणखी थोडी. अशा काळात वृत्तपत्रावर घर चालणं अवघड होतं. बाळशास्त्रींचा चरितार्थ शिक्षण खात्यातल्या नोकऱ्यांवर होता. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात अंक काढायचा, अशी ही कसरत.

'दर्पण' साडेआठ वर्षं चाललं आणि १८४० च्या मध्यात बंद झालं. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं होतं. बातम्यांऐवजी त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांवर लेख येत. आज ज्याला आपण समजावून सांगणारी पत्रकारिता म्हणतो, तिचा मराठीतला हा फार जुना नमुना.

१८४३: परीक्षा अभ्यासाची आणि धैर्याची

बाळशास्त्रींची खरी कसोटी मात्र छापखान्याबाहेर लागली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा लहान भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील न्यायालयात गेले. श्रीपत अजाण असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केलं. पण परधर्मीयांच्या घरी राहिलेला मुलगा जातीत परत घेता येणार नाही, अशी भूमिका सनातनी मंडळींनी घेतली.

बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेता येतं, हे त्यांनी शास्त्राच्या आधारानेच मांडलं. वडिलांकडे शिकलेलं संस्कृत इथे कामी आलं. विरोधक ज्या ग्रंथांचा दाखला देत होते, ते ग्रंथ बाळशास्त्रींनी स्वतः वाचलेले होते. तरीही किंमत मोजावी लागलीच. स्वतःच्याच समाजातून त्यांना बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. ज्या समाजासाठी लिहितो त्याच समाजाची नाराजी ओढवून घेणं, हा पत्रकारितेतला अवघड धडा त्यांच्या वाट्याला असा आला.

अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य

यानंतरही त्यांचं काम थांबलं नाही. शाळांची तपासणी आणि १८४५ मध्ये सुरू झालेल्या अध्यापक वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. शिक्षकच नसतील तर वाचक कुठून येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं चौतीसच्या आसपास.

विद्यापीठात पत्रकारिता कधी आली?

वृत्तपत्राचं काम विद्यापीठात शिकवावं ही कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुजली. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय सुरू केलं. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ मध्ये हा विभाग आला. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं २००४ मध्ये. त्यामुळे जिल्ह्यातल्या मुलांना घराजवळ राहून जनसंज्ञापनाचं पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट खुली झाली.

मग पदवी हवी की नको?

बाळशास्त्रींचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं. त्यांच्याकडे कुठे पदवी होती, असं एक बाजू म्हणते. पण पदवी नव्हती म्हणजे शिक्षण नव्हतं, असं नाही. भाषा, गणित, इतिहास, शास्त्र आणि कायद्याची जाण हे सगळं त्यांनी वृत्तपत्रासाठी वापरलं. बातमी लिहिण्याची पद्धत अंक काढता काढता हाताला बसली असेल. लिहायला काय आहे, हे मात्र अभ्यासातून आलं होतं.

आज बातमीची रचना, मुलाखत, कॅमेरा, माध्यमांचे कायदे हे विभागात शिकता येतं आणि ते शिकावंच. पण सोलापूरच्या यंत्रमागांवर, उजनीच्या पाण्यावर किंवा पंढरीच्या वारीवर लिहायचं तर अर्थशास्त्र, सिंचन आणि संतपरंपरा यांतलं थोडंतरी आपलं आपण वाचावं लागतं. या भागात कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यातली एखादी भाषा येणाऱ्या बातमीदाराला जे ऐकू येईल, ते इतरांच्या कानावर पडणारही नाही. दोन भाषांत पान भरणाऱ्या पहिल्या संपादकाकडून घेण्यासारखं हे सगळ्यात मोलाचं आहे.