ताराबाई मोडक : अंगणातली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना त्यांनी माँटेसरी पद्धत आत्मसात केली. त्या पद्धतीत मुले रंगीत पट्ट्यांच्या जोड्या लावून रंग ओळखतात. परंतु अशी साधने गरिबांना परवडत नव्हती. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. तेथे खडे, शिंपले, पाने, फुले हीच साधने झाली आणि शाळाच मुलांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी कार्य केले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

आपणही घरातील बांगड्या, सुताचे रंगीत तुकडे मुलांपुढे ठेवावेत. लाल लालात, हिरवे हिरव्यात लावता लावता मूल निरखायला व निवडायला शिकते. गरिबी त्याच्या आड येऊ नये.