विश्लेषण : खिशातले चॉकलेट वितळले, पण खरी साक्ष दिली मक्याच्या दाण्याने...

पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांच्या पिशवीत पोह्याचे पापड आणि मिरगुंडे हमखास असतात. घरी गेल्यावर ती गरम तेलात सोडली, की डोळ्यांदेखत फुलतात. वाळवलेल्या पिठात उरलेल्या किंचित ओलाव्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना पापडाला फुगवते. कोकणातल्या साळीच्या लाह्या, देशावरच्या ज्वारीच्या लाह्या आणि थिएटरातले पॉपकॉर्न, सगळ्यांच्या मुळाशी ही वाफच. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नवर ५, पॅकबंदवर १२ आणि कॅरमेलवर १८ टक्के कर असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला. पण हेच पॉपकॉर्न एका मोठ्या शोधाचे साक्षीदार आहेत आणि तो शोध लावणाऱ्या माणसाने प्राथमिक शाळाही पूर्ण केलेली नव्हती. त्याचे नाव पर्सी स्पेन्सर.

कोण होते पर्सी स्पेन्सर?

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या हाऊलंड या लहानशा गावी १८९४ मध्ये पर्सी यांचा जन्म झाला. ते दीड वर्षाचे असताना वडील वारले. आईने मुलाला काका-काकूंकडे सोपवले आणि ती निघून गेली. सात वर्षांचे झाले तोवर काकाही गेले. काकूच्या तुटपुंज्या कमाईला हातभार लावण्यासाठी बाराव्या वर्षी शाळा सोडून पर्सी दोऱ्याची रिळे बनवणाऱ्या गिरणीत कामाला लागले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतची ती मजुरी होती.

सोळाव्या वर्षी त्यांच्या कानावर आले, की जवळच्या कागद गिरणीत वीज येणार आहे. त्या भागात तेव्हा वीज ही नवलाईची गोष्ट होती. जे मिळेल ते वाचून, जे दिसेल ते उघडून पाहून त्यांनी विजेची माहिती गोळा केली. गिरणीत वीज बसवायला घेतलेल्या तिघांमध्ये कसलेही शिक्षण नसलेला हा मुलगा होता.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. बुडत्या जहाजावरून बिनतारी संदेश पाठवत राहिलेल्या तंत्रज्ञांची हकिगत वाचून पर्सी भारावले आणि अमेरिकी नौदलात दाखल झाले. तिथे बिनतारी यंत्रणेचे काम मिळाले. रात्रीच्या पहाऱ्यावर उभे असताना पुस्तके वाचत त्यांनी त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र आपले आपणच शिकून घेतले. यातला एक विषय जरी वर्गात बसून शिकताना घाम फुटला असेल, तर या वाक्याचे वजन कळेल.

युद्धात त्यांचे काम काय होते?

१९२० च्या दशकात स्पेन्सर रेथिऑन या तेव्हाच्या छोट्या कंपनीत रुजू झाले. रेडिओच्या नळ्या बनवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटनमधून एक गुपित अमेरिकेत आले. जॉन रँडल आणि हॅरी बूट या बर्मिंगहॅमच्या दोन शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये तयार केलेला मॅग्नेट्रॉन. ही नळी इतक्या जोरदार सूक्ष्मलहरी सोडायची, की विमानात बसेल एवढ्या रडारनेही शत्रूची पाणबुडी हुडकता येई. अडचण एकच होती. मॅग्नेट्रॉन तांब्याच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढावा लागे आणि त्यात कुशल कारागिराचा फार वेळ जाई.

स्पेन्सर यांनी कोरणे बंद केले. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून ठशाने तुकडे कापायचे, ते एकावर एक रचायचे आणि भट्टीतून नेऊन जोडायचे, असा मार्ग त्यांनी काढला. हे काम नवख्या कामगारालाही शिकवता येत होते. कंपनीचे रोजचे उत्पादन १७ वरून २,६०० नळ्यांवर गेले. या कामगिरीबद्दल अमेरिकी नौदलाने त्यांना मोठा नागरी सन्मान दिला.

१९४५ मध्ये नेमके काय घडले?

गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अशी. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट वितळले आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध लागला. त्यांच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार ते चॉकलेटही नव्हते, खारींना घालायला ठेवलेली शेंगदाण्याची वडी होती. लोणावळ्याच्या चिक्कीची बहीण म्हणा. ते काही असो, या गोष्टीत स्पेन्सर यांच्यावर थोडा अन्यायच होतो. मॅग्नेट्रॉनजवळ ऊब लागते, वस्तू गरम होतात, हे इतरांच्याही लक्षात आले होते. आणि चॉकलेट काय, ते तर अंगाच्या उबेनेही मऊ पडते. खिसा खराब झाला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

वेगळे घडले ते त्यानंतर. स्पेन्सर यांनी मक्याचे दाणे मागवले आणि नळीसमोर धरले. दाणे फटाफट फुटून प्रयोगशाळेभर उडाले. पुढचा प्रयोग अंड्यावर झाला. ते आतल्या वाफेने फुटले आणि वाकून पाहणाऱ्या एका सहकाऱ्याचे तोंड भरले.

मक्याचाच दाणा का महत्त्वाचा?

पॉपकॉर्नचा मका आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला भाजून मिळणारे कणीस, या वेगळ्या जाती आहेत. कणसाचे दाणे वाळवून कढईत टाकले तर ते करपतील, फुलणार नाहीत. पॉपकॉर्नच्या दाण्याचे कवच कडक आणि हवाबंद असते. आत सुमारे १४ टक्के ओलावा असतो. दाणा तापला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण कवच तिला कोंडून धरते. साधारण १८० अंश सेल्सिअसला आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट होतो आणि कवच फाटते. दाब एकदम उतरतो, आतला मऊ झालेला पिठूळ गर फेसासारखा फुगतो आणि लगेच थंड होऊन घट्ट होतो.

म्हणजे प्रत्येक दाणा हा एक तापमापक आहे. तो फुटला याचा अर्थ आत १८० अंश झाले. चॉकलेटने फक्त ऊब सांगितली होती. समोरच्या लहरींनी अन्न खरोखर शिजते, हे दाण्याने सांगितले. शिवाय या लहरी दाण्यातल्या पाण्यालाच हलवून तापवतात, त्यामुळे ना कढई लागली ना विस्तव. आपल्याकडे लाह्या फोडणारे वाळू तापली का हे पाहायला आधी चिमूटभर दाणे टाकतात. स्पेन्सर यांनी केले ते याहून फार निराळे नव्हते.

पुढे त्या शोधाचे काय झाले?

८ ऑक्टोबर १९४५ रोजी स्पेन्सर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. तो मंजूर व्हायला जानेवारी १९५० उजाडले. मधल्या काळात, १९४७ मध्ये त्यांनी आणखी एक अर्ज केला होता, जो ऑगस्ट १९४९ मध्ये मंजूर झाला. त्यात पॉपकॉर्नच्या मक्याचे अख्खे कणीस पिशवीत बंद करायचे, ती पिशवी सूक्ष्मलहरींनी तापवायची आणि त्यातच दाणे फुलवायचे, अशी कल्पना मांडली होती. आज दुकानात मिळणाऱ्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पाकिटाचा हा पणजोबा.

पाकीट मात्र लगेच आले नाही, कारण ओव्हनच घरात मावत नव्हता. कंपनीने १९४७ मध्ये आणलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचे होते. आतली नळी थंड ठेवायला नळाचे पाणी जोडावे लागे. ते उपाहारगृहे आणि जहाजांसाठी होते. ओट्यावर ठेवता येईल असा ओव्हन १९६७ मध्ये ४९५ डॉलरला बाजारात आला. ८ सप्टेंबर १९७० रोजी स्पेन्सर यांचे निधन झाले. तोवर ते कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष आणि संचालक झाले होते, विद्यापीठाची मानद डॉक्टरेटही मिळाली होती. या शोधासाठी त्यांना मिळालेले बक्षीस मात्र कंपनीच्या रिवाजाप्रमाणे दोन डॉलर होते, असे सांगतात. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नची पाकिटे घरोघरी पोचली ती १९८० च्या दशकात. स्पेन्सर यांनी ती पाहिली नाहीत.

घरी चवीचे पॉपकॉर्न करताना हे शास्त्र कसे वापरायचे?

मायक्रोवेव्ह नसला तरी बिघडत नाही. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल आणि फक्त तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की तापमान जमले. आता अर्धी वाटी दाणे टाकून झाकण ठेवा, पण वाफ निघेल एवढी फट राहू द्या. झाकण घट्ट बसले तर कोंडलेली वाफ पॉपकॉर्नला चिवट करते. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद.

चव चिकटते ती तुपाला किंवा तेलाला. कोरड्या पॉपकॉर्नवर मसाला टाकला तर तो भांड्याच्या तळाशी जाऊन बसतो. म्हणून आधी चमचाभर पातळ तूप फिरवायचे, मग पूड भुरभुरायची. मीठही मिक्सरमधून बारीक केलेले हवे. मेतकूट आणि मीठ हे आमच्या मते सर्वांत झकास. लाल तिखट-पिठीसाखरही चालते. कोकणात मोह होतो तो कोकम आगळाचा, पण आगळ शिंपडलात तर पॉपकॉर्न जागीच बसतील; फुगलेल्या गराला पाणी सोसत नाही. आंबटपणा हवा तर कडकडीत वाळवलेल्या आमसुलांची पूड घ्या. गोड हवे असेल तर गुळाचा पाक तुपात पक्का होऊ द्या आणि उतरवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. सोड्याने पाकात बुडबुडे धरतात आणि कवच दाताला चिकटण्याऐवजी कुरकुरीत होते.

पालीसारख्या भरपूर पावसाच्या गावात दुहेरी काळजी लागते. फुललेले पॉपकॉर्न दमट हवेत तासाभरात सादळतात, ते लगेच खावेत किंवा घट्ट डब्यात ठेवावेत. कच्चे दाणेही हवाबंदच हवेत, पण उलट कारणासाठी. उन्हाळ्यात उघडे राहिले तर आतला ओलावा उडतो आणि मग निम्मे दाणे कढईत तसेच राहतात. असे दाणे चमचाभर पाणी घालून बरणीत दोन-तीन दिवस बंद ठेवले, की बहुतेक पुन्हा फुलतात.

तयार पाकिटांत काही धोका आहे का?

पाकिटातल्या लोण्याच्या वासासाठी डायअसेटिल हे रसायन वापरले जाई. २००० मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील कामगारांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याचे उघड झाले. दिवसभर ती वाफ हुंगण्याचा तो परिणाम होता. त्यानंतर अनेक उत्पादकांनी ते रसायन सोडले. तेल न झिरपणाऱ्या कागदावरच्या लेपांबद्दलही चिंता होती. असे काही लेप अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेल्याचे तिथल्या अन्न नियामकाने २०२४ मध्ये जाहीर केले.

मायक्रोवेव्हमध्येच करायचे तर साधी, छपाई नसलेली कागदी पिशवी पुरते. पाव वाटी दाणे घालायचे, तोंड दोनदा दुमडायचे, स्टेपलरची पिन मारायची नाही. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको. शाई अन्नात उतरते. हे आम्ही वर्तमानपत्रातूनच सांगतो आहोत, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि ओव्हनवर पॉपकॉर्नचे खास बटण असले तरी त्यावर विसंबू नका, अनेक पाकिटांवरही तशीच सूचना असते. बटणाला दाणे किती ओले, किती जुने हे ठाऊक नसते. दारापाशी उभे राहून फुटण्याचा आवाज ऐका आणि तो विरळ झाला की बंद करा.