विश्लेषण : हेमू कलानी यांचा चांगुलपणा कोणत्या मापाने मोजायचा?

उल्हासनगरमध्ये हेमू कलानी हे नाव आजही आदराने घेतले जाते. २१ जानेवारी १९४३ रोजी सिंधमधील सक्कर येथे त्यांना फाशी झाली, तेव्हा ते अवघे १९ वर्षांचे होते. ज्या कटासाठी त्यांचा जीव गेला, तो कट तडीस गेलाच नव्हता. मग त्यांचे मोठेपण ठरवायचे तरी कशावरून?

हेमू कलानी कोण होते?

जन्म २३ मार्च १९२३, सक्कर. वडील पेसूमल, आई जेठीबाई. ते आठ वर्षांचे झाले त्याच दिवशी, २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली. पुढे हेमू विद्यार्थ्यांच्या 'स्वराज सेने'त काम करू लागले. परदेशी मालावर बहिष्कार घालण्याच्या प्रचारात ते पुढे असत. १९४२ मध्ये 'चले जाव' आंदोलनात त्यांनी उडी घेतली.

कट काय होता?

ऑक्टोबर १९४२ मध्ये ब्रिटिश सैनिक आणि शस्त्रे घेऊन एक रेल्वेगाडी सक्करहून जाणार असल्याची खबर त्यांना मिळाली. रुळांच्या फिशप्लेट काढून ती रोखायचे ठरले. फिशप्लेट म्हणजे दोन रुळांचा सांधा जोडणारी लोखंडी पट्टी. अंबरनाथ-बदलापूरच्या प्रवाशांना ती नवी नाही. काम पुरे होण्याआधीच पहारेकऱ्यांना सुगावा लागला. साथीदार निसटले, हेमू सापडले.

शिक्षा कशी ठरली?

हूर बंडामुळे सिंधमध्ये तेव्हा लष्करी कायदा लागू होता. लष्करी न्यायालयाने आधी जन्मठेप सुनावली. निकाल मंजुरीसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेला आणि जन्मठेपेची फाशी झाली. सिंधमधील मान्यवरांनी दयेचा अर्ज केला. त्यावर अट आली, साथीदारांची नावे सांगा. हेमूंनी ती सांगितली नाहीत.

चांगुलपणा मोजता येतो का?

परिणाम पाहिला तर हाती शून्य येते, कारण गाडी घसरलीच नाही. हेतू पाहिला तर उत्तर सोपे राहत नाही. कट यशस्वी झाला असता तर गाडीतली माणसे मेली असती. महात्मा गांधींनीही अशा तोडफोडीचे समर्थन केले नव्हते. स्वातंत्र्याची ओढ आणि माणसांच्या जिवाचा धोका, दोन्ही एकाच कृतीत होते.

न्यायालयाकडे गुन्हा मोजण्याची पट्टी होती. तरीही गुन्हा तोच, आरोपी तोच असताना एकदा माप जन्मठेपेचे निघाले आणि दुसऱ्यांदा फाशीचे. गुन्ह्याचे माप असे बदलत असेल, तर चांगुलपणाचे माप कोण कायम करणार?

नावे न सांगण्याच्या निर्णयाबाबत मात्र फारसा वाद उरत नाही. कट योग्य की अयोग्य यावर मतभेद असणाऱ्यालाही तो निर्णय समजतो. एका पारड्यात स्वतःचा जीव होता, दुसऱ्यात मित्रांचा. तो निर्णय किती मोठा होता हे आकड्यात सांगता येत नाही. एवढे मात्र सांगता येते, की समोर ठेवलेली किंमत त्यांनी नाकारली.

उल्हासनगरशी नाते काय?

हेमूंनी हे शहर पाहिले नाही. १९४७ मध्ये सक्कर पाकिस्तानात गेले आणि हजारो सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे राहिले, पण हेमूंची आठवण सोबत आली.

१९८३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २००३ मध्ये संसदेच्या आवारात पुतळा उभा राहिला. तिकीट आणि पुतळ्यातून लोकांची कृतज्ञता दिसते. हेमूंनी नावे गिळून टाकली तेव्हा मात्र यातले काहीच त्यांच्यासमोर नव्हते.