फ्रँकेनस्टाईनची आई

फ्रँकेनस्टाईन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट असलेला राक्षस, बरोबर? माझ्याही तेच यायचं. मागच्या पी.एल.मध्ये एम-थ्री बाजूला ठेवून (सरांनी हा कंस वाचू नये) मूळ कादंबरी वाचली आणि धक्क्यावर धक्के बसले. फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नावच नाही, ते त्याला बनवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव! राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाही. बोल्ट १९३१ च्या सिनेमातले. आणि व्हिक्टर कुणी म्हातारा डॉक्टर नाही, घर सोडून परगावी शिकायला आलेला स्टुडंट आहे. हे सगळं लिहायला बसलेली मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती. म्हणजे आपल्या एफ.ई.च्या मुलींएवढी.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण मेरी शेलीबद्दल मला सांगायचंच आहे.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये पुस्तक लिहून खळबळ उडवणारी. वडील विल्यम गॉडविन, तेही नावाजलेले विचारवंत. बाळंतपणात इन्फेक्शन झालं आणि मुलगी जेमतेम अकरा दिवसांची असताना आई गेली. वडील छोट्या मेरीला आईच्या कबरीवर घेऊन जायचे आणि तिथल्या दगडावरची अक्षरं गिरवत ती वाचायला शिकली, असं सांगतात. दगडावर नाव कुणाचं? मेरी वोल्स्टनक्राफ्ट गॉडविन. म्हणजे तिचं स्वतःचंच!

पुढे सावत्र आई आली, तिचं आणि मेरीचं कधी पटलं नाही. सोळाव्या वर्षी, जुलै १८१४ मध्ये, मेरी कवी पर्सी शेलीबरोबर फ्रान्सला पळून गेली. शेलीचं लग्न झालेलं होतं आणि त्याची बायको गरोदर होती. इथे मला शेलीचा जाम राग येतो, तो मोठा कवी असला तरी. गॉडविनसाहेबांनी मुलीशी बोलणं टाकलं, पण जावयाकडे, म्हणजे तेव्हा न झालेल्या जावयाकडे, पैसे मागणं चालू ठेवलं. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. नंतर मेरीला स्वप्न पडलं की बाळ फक्त गार पडलं होतं, शेकोटीजवळ चोळल्यावर ते जिवंत झालं. हे तिने डायरीत लिहून ठेवलंय. मी ते वाचलं तेव्हा विंगमध्ये सगळे झोपले होते. मी लाईट घालवलाच नाही.

आता १८१६. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, पाऊस नि थंडी नुसती. जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनच्या भाड्याच्या बंगल्यात ही मंडळी अडकून पडली. बाहेर जाता येईना, म्हणून प्रत्येकाने भुताची गोष्ट लिहायची असं बायरनने ठरवलं. आपल्याकडे मेस बंद पडली की असंच काहीतरी होतं. मेरीला दिवसेंदिवस काही सुचेना. तेव्हा विजेने प्राण आणता येईल का याची चर्चा जोरात होती. गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय हलवून दाखवले होते. त्याच्या भाच्याने, अल्दिनीने, १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या देहाला करंट दिला, तर त्याचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. एका रात्री हीच चर्चा डोक्यात घेऊन मेरी आडवी झाली आणि तिला आपल्याच निर्मितीला घाबरलेला एक विद्यार्थी दिसला.

इंजिनियरांसाठी एक गंमत. राक्षस आठ फुटी का? तर बारीक पार्ट बनवण्यात वेळ जात होता, म्हणून व्हिक्टरने सरळ स्केल वाढवली! सबमिशनच्या आदल्या रात्री हा निर्णय कोणीही घेईल.

कादंबरीचा अर्थ विज्ञानाने मर्यादा ओलांडू नये असा सांगतात. मला तो पटत नाही. व्हिक्टरची चूक राक्षस बनवला ही नाही. त्याने डोळे उघडले आणि व्हिक्टर खोलीतून पळाला, ही आहे. तो जीव झोपडीच्या भिंतीआडून माणसांचं ऐकून बोलायला शिकतो, मिल्टन वाचतो, आणि जाईल तिथे मार खातो. मग तो खून करतो, आणि पहिला बळी व्हिक्टरचा लहान भाऊ, विल्यम. मेरीच्या मांडीवर तेव्हा खेळत असलेल्या मुलाचं नावही विल्यमच होतं. स्वतःच्या बाळाचं नाव तिथे कसं घालवलं असेल, मला अजून कळत नाही. व्हिक्टर तर कामाच्या नादात घरी पत्रंही लिहीत नाही. ते पान वाचताना मोबाईल बघितला, आईचे तीन मिस्ड कॉल. रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी केला फोन.

पुस्तक १ जानेवारी १८१८ ला आलं, पाचशे प्रती, लेखकाचं नाव न छापता. प्रस्तावना शेलीची, त्यामुळे पुस्तक त्यानेच लिहिलं असं अनेकांना वाटलं. तोवर शेलीच्या पहिल्या बायकोने जीव दिला होता आणि मेरीचं लग्न झालं होतं. १८१८ मध्ये धाकटी क्लारा गेली, १८१९ मध्ये रोममध्ये विल्यम गेला. जुलै १८२२ मध्ये इटलीत बोट बुडून शेली गेला. मेरी तेव्हा चोवीस वर्षांची, आणि हाती उरलेला एकच मुलगा, पर्सी.

त्यानंतर ती लिहूनच जगली. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णन, शिवाय शेलीच्या कवितांचं संपादन. १८२३ मध्ये फ्रँकेनस्टाईनवर तिचं नाव छापलं गेलं. त्याच वर्षी लंडनला त्यावर नाटक लागलं, तेही ती बघून आली. पात्रांच्या यादीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या, ते तिला फार आवडलं.

१ फेब्रुवारी १८५१ ला, त्रेपन्नाव्या वर्षी ती गेली. तिला बोर्नमथला पुरलं. तिच्या सुनेने मग लंडनच्या त्या जुन्या कबरीतून मेरीच्या आईवडिलांचे अवशेष काढून आणले आणि तिच्याजवळ ठेवले.