विश्वासाचे धनी : नामदार गोखले

गेल्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी होतो. सहलीच्या हिशेबात माझ्या हातून एक चूक झाली. ती कबूल केली तर मुलांचा माझ्यावरचा विश्वास उडेल, या भीतीने मी गप्प बसलो. त्याच दिवसांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचनात आले आणि मी अंतर्मुख झालो.

१८६६ साली कोकणातील कोतळूक या खेड्यात जन्मलेले गोखले गरिबीत शिकून फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरझडतीच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे स्नेह्यांकडून आली. गोखल्यांनी ती हकीकत तेथील वृत्तपत्रात सांगितली. मोठी खळबळ उडाली. लोकांचे हाल खरे होते. पण मायदेशी परतल्यावर या आरोपाचा पुरावा काही मिळेना. पत्रलेखकांची नावे सांगून मोकळे होता आले असते. परंतु ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना संकटात लोटणे गोखल्यांना मान्य नव्हते. सारा दोष आपल्या शिरावर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली.

ही माफी स्वकीयांना रुचली नाही. कालचा लाडका नेता टीकेचा धनी झाला. सार्वजनिक जीवन सोडावे, असे विचारही त्यांच्या मनात आले. पण त्यांनी रुसून घर धरले नाही. प्लेगच्या मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून ते राबले.

गमावलेला विश्वास हळूहळू परत आला. १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरचे त्यांचे भाषण गाजले. सरकारी तिजोरीतील शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. १८९७ च्या चटक्यानेच त्यांना प्रत्येक शब्द तोलायला शिकवले असावे, असे मला वाटते. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला व त्याच वर्षी ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१५ साली, अवघ्या ४८ व्या वर्षी, ते गेले. ज्यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते, त्या लोकमान्यांनीही स्मशानात त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला.

पुढाऱ्याकडून चूक होणारच नाही, या समजुतीवर विश्वास उभा राहत नाही. चूक झाली तर तो लपवणार नाही, या खात्रीवर तो उभा राहतो. पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून मी हिशेबातली चूक सांगितली. काहीजण हसले, एकदोघे रागावले. हिशेब मात्र पुन्हा माझ्याकडेच सोपवण्यात आला.